ट्रॉम्ब्याची केळी आणि मांडव्याच्या जेट्टीवरचा थर्माकोलचा डबा

(एपिसोडचं ट्रान्सक्रिप्ट. बोलताना झालेली अडखळ काढली आहे, बाकी जसंच्या तसं.)

आजची गोष्ट एका डब्यापासून सुरू होते.

गेल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये मी मुंबईहून रो-रोने मांडव्याला उतरलो तेव्हा माझ्या मांडीवर थर्माकोलचा एक डबा होता. पापलेटं नव्हती त्यात, सॉरी. चार आइसपॅक होते, त्यांच्यामध्ये वर्तमानपत्राची जाड घडी, आणि त्या घडीच्या आत काचेची एक छोटी बाटली. मेडिकलवाल्याने तीनदा बजावलं होतं की बाटली बर्फाला चिकटू देऊ नका, गोठली की फेकून द्यावी लागेल. लोक बोटीच्या टपावर सीगल्सना कुरमुरे टाकत होते आणि मी खाली बसून दर दहा मिनिटांनी डब्यात बोट घालून बघत होतो.

ती बाटली माझ्या मावसबहिणीच्या बाळासाठी होती, आणि बाळ अजून जन्मायचं होतं. ताईचं सासर मांडव्याजवळ. गरोदरपणात जी नेहमीची रक्ततपासणी होते तिच्यात एका ओळीपुढे ‘पॉझिटिव्ह’ आलं. ती ओळ म्हणजे एचबीएसएजी. हेपॅटायटिस बी, यकृताला धरणारा विषाणू. ताईला काहीही त्रास नव्हता. कधी कावीळ झाल्याचंही आठवत नाही. हा विषाणू असाच असतो, वर्षानुवर्षं गप्प बसतो. (हे सगळं सांगायला तिने परवानगी दिली आहे. नाव मात्र घेऊ नकोस म्हणाली.)

डॉक्टरांनी सांगितलं, बाळाला जन्मानंतर बारा तासांच्या आत दोन इंजेक्शनं द्यायची. एक लस, ती हॉस्पिटलात असते आणि फुकट मिळते. दुसरं इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार अँटिबॉडी. ते आधीच आणून ठेवा. आम्हाला ते आसपास मिळालं नाही, म्हणून मी आणि तो डबा.

जेट्टीवर उतरून रिक्षाची वाट बघत होतो. मांडव्याहून मुंबई समोर दिसते हे तुम्हाला माहीत आहे. ज्यांना नाही त्यांना निदान ‘अग्निपथ’मुळे मांडवा हे नाव तरी माहीत असेल. समोर कुलाबा, गेटवेच्या बाजूच्या इमारती. त्यांच्या उजवीकडे बंदर आत शिरतं. तिकडे घारापुरी, आणि तिच्याही पलीकडे ट्रॉम्बे. सरळ रेषेत वीस-पंचवीस किलोमीटर. तिथे भाभा अणुसंशोधन केंद्र आहे, आपण बीएआरसी म्हणतो ते.

आणि तिथे, वीसेक वर्षांपूर्वी, काही लोकांनी केळीच्या झाडाला एचबीएसएजी बनवायला लावलं होतं. ताईच्या रिपोर्टवर जे नाव होतं तेच प्रोटीन. रक्तात सापडलं तर रोगाची खूण. केळीच्या झाडात बनलं तर लस. निदान तसं स्वप्न होतं. ते स्वप्न कुठून आलं आणि कुठे गेलं, हा आजचा एपिसोड.

आधी हे एचबीएसएजी म्हणजे काय ते बघू. विषाणूच्या आत त्याची जनुकं, आणि बाहेर एक कवच. कवचातलं मुख्य प्रोटीन म्हणजे हे. गंमत अशी की विषाणू हे प्रोटीन गरजेपेक्षा कितीतरी जास्त बनवतो आणि ते रक्तात नुसतंच फिरत राहतं. आत जनुकं नसलेले रिकामे गोळे, सुमारे २२ नॅनोमीटरचे. रिकामी खोकी म्हणा ना. हे खोकं रोग देऊ शकत नाही, पण शरीराला विषाणूचा चेहरा दाखवतं. अमेरिकेत बारूक ब्लूमबर्ग यांना १९६०च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी माणसाच्या रक्तात हे सापडलं. म्हणून पहिलं नाव ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’. ते हेपॅटायटिसशी जोडलेलं आहे हे नंतर कळलं, आणि १९७६ मध्ये ब्लूमबर्ग यांना नोबेल मिळालं.

मग लस. १९८१ मध्ये अमेरिकेत पहिल्या लशीला मान्यता मिळाली, आणि ती माणसांच्या रक्तापासून बनवायचे. खरंच. ज्यांच्या अंगात विषाणू आहे त्यांचा प्लाझ्मा घ्यायचा, त्यातले रिकामे गोळे वेगळे करायचे, जिवंत विषाणू उरणार नाही इतकी प्रक्रिया करायची आणि टोचायचं. लस चालायची. पण त्याच वर्षांत एड्स आला, आणि कुणाच्या तरी रक्तापासून बनलेली लस घ्यायला लोक बिचकायला लागले. शिवाय कच्चा माल म्हणजे आजारी माणसं. हा धंदा वाढवणार तरी कसा?

१९८२ मध्ये यीस्टमध्ये हे प्रोटीन बनवता येतं हे दाखवलं गेलं. यीस्ट म्हणजे पावाचं पीठ फुगवतं ते. विषाणूचं एक जनुक यीस्टमध्ये घातलं की यीस्ट टाकीत वाढता वाढता तेच रिकामे गोळे बनवतं. १९८६ मध्ये ही लस अमेरिकेत बाजारात आली. जनुकीय तंत्राने बनवलेली माणसांसाठीची ती पहिली लस. प्रश्न तिथेच सुटायला हवा होता. पण लस महाग होती. भारतात परदेशी लशीच्या एका डोसला कित्येकशे रुपये पडायचे, आणि कोर्स तीन डोसांचा. ज्या देशांत हा आजार जास्त तिथेच ती कुणाला परवडत नव्हती.

इथे झाडं गोष्टीत येतात.

शेतातल्या मातीत ॲग्रोबॅक्टेरियम नावाचा जिवाणू असतो. झाडाला जखम झाली की तो आत शिरतो आणि स्वतःचा डीएनएचा एक तुकडा झाडाच्या डीएनएमध्ये चिकटवतो. झाडाला गाठ येते आणि ती गाठ जिवाणूला हवं ते खाणं बनवत बसते. निसर्गातलं कोड इंजेक्शन. शास्त्रज्ञांनी त्या तुकड्यातला गाठ आणणारा भाग काढला आणि त्या जागी स्वतःला हवं ते जनुक ठेवलं. १९८३ मध्ये असं पहिलं झाड तयार झालं, तंबाखूचं. या क्षेत्रात तंबाखू म्हणजे आमच्याकडचा ‘हॅलो वर्ल्ड’, सगळे तिथूनच सुरू करतात. १९८९ मध्ये तंबाखूने अँटिबॉडी बनवली. १९९२ मध्ये टेक्सासमध्ये ह्यू मेसन, डॉमिनिक लॅम आणि चार्ल्स आर्नत्झेन यांनी तंबाखूच्या पानात एचबीएसएजी बनवलं, आणि पानाने ते २२ नॅनोमीटरचे गोळे आपोआप बांधले. झाडाला कुणी शिकवलं नव्हतं की याचा गोळा करायचा.

मग आर्नत्झेन यांनी पुढचा प्रश्न विचारला: झाड जर लस बनवत असेल तर ती काढायची, शुद्ध करायची, बाटलीत भरायची कशाला? खाऊनच टाका ना. आणि त्यांनी नाव घेतलं केळ्याचं. सांगतात की बँकॉकमध्ये एका आईने रडणाऱ्या बाळाला केळं भरवताना त्यांनी पाहिलं आणि डोक्यात दिवा लागला. किस्सा जरा जास्तच गोड आहे, पण केळ्याची निवड उगाच नव्हती. केळं कच्चं, म्हणजे न शिजवता खातात. शिजवलं की प्रोटीनचा आकार मोडतो आणि लस म्हणून ते निकामी होतं. बटाट्याचं तिथेच घोडं अडलं. शिवाय केळं लहान मुलं खातात, गरम देशांत होतं, आणि खायच्या केळ्यात बी नसतं. बी नाही, फलन नाही, म्हणजे परागांतून जनुक शेजारच्या शेतात जायची भीती जवळपास नाही. सिरिंज नको, सुई नको, नर्स नको, फ्रिज नको. १९९०च्या दशकात हे ऐकून लोक वेडे झाले होते. मीही झालो असतो.

आता ट्रॉम्बे. अणुसंशोधन केंद्रात केळी कशी, असं वाटेल. पण बीएआरसीत शेतीचं काम जुनं आहे. गॅमा किरणांनी म्युटेशन घडवून त्यांनी भुईमुगाची वाणं काढली आहेत. तुमच्या घरी शेती असेल तर टीएजी-२४ हे नाव वडिलांना विचारा. त्याला जीएम म्हणत नाहीत, ती वेगळी पद्धत. टिश्यू कल्चरचीही तिथे मोठी परंपरा होती, म्हणजे झाडाच्या तुकड्यापासून बाटलीत हजारो रोपं करायची. व्ही. ए. बापट आणि टी. आर. गणपती हे या कामातले लोक. बापट सर पुढे कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात गेले.

केळीत जनुक घालणं तंबाखूसारखं सोपं नाही. बी नसल्याचा जो फायदा सांगितला तोच इथे तोटा होतो, कारण बी पेरून नवं रोप करता येत नाही. मग केळीच्या अशा पेशी तयार करायच्या की एका पेशीपासून अख्खं झाड उगवेल. त्या पातळ द्रवात वाढवायच्या, ॲग्रोबॅक्टेरियम सोडायचा, ज्या पेशींनी जनुक घेतलं तेवढ्याच जगवायच्या, मग त्यांची रोपं करायची. २००१ मध्ये या गटाने ‘रस्थाळी’ या दक्षिणेतल्या वाणावर ही पद्धत बसवली. २००३ मध्ये तंबाखूच्या पेशींत एचबीएसएजी बनवलं. आणि २००५ मध्ये ‘प्लँटा’ या नियतकालिकात त्यांचा पेपर आला: केळीच्या झाडात हेपॅटायटिस बीचं प्रोटीन. त्यावर पहिलं नाव जी. बी. सुनील कुमार यांचं.

हा पेपर मी दोनदा वाचला. पहिल्यांदा काहीच कळलं नाही, दुसऱ्यांदा थोडं कळलं. त्यांनी जनुकाच्या चार आवृत्त्या बनवल्या. जनुकापुढे एक ‘प्रमोटर’ लागतो, म्हणजे हा कोड कधी आणि कुठे चालवायचा हे ठरवणारं बटण. एक बटण त्यांनी इथिलीन बनवणाऱ्या एन्झाइमच्या जनुकाचं घेतलं. इथिलीन म्हणजे केळं पिकवणारा वायू. काही आवृत्त्यांत प्रोटीनला एक शेपूट लावलं, पेशीच्या आतल्या एका कप्प्यात ते अडकून राहावं म्हणून. मग चारही आवृत्त्यांची झाडं वाढवली आणि एलायझा चाचणीने मोजलं. ताईच्या रक्तात जे शोधलं तेच इथे पानात शोधलं.

मिळालं. बाटलीतल्या रोपांत सगळ्यात जास्त, दर ग्रॅम पानामागे ३८ नॅनोग्रॅम. तीच रोपं ग्रीनहाऊसमध्ये गेल्यावर सगळ्यात जास्त १९.९२ नॅनोग्रॅम. आणि गंमत, बाटलीत जिंकलेली आवृत्ती एक आणि ग्रीनहाऊसमध्ये जिंकलेली दुसरीच. ‘माझ्या मशीनवर तर चालतंय’ हे फक्त आमच्याच ऑफिसात होत नाही, हे बघून मला बरं वाटलं. पण मुख्य गोष्ट ही की केळीने बनवलेलं प्रोटीन घनतेच्या चाचणीत माणसाच्या रक्तातल्या प्रोटीनसारखंच वागलं. म्हणजे घारापुरीच्या मागच्या त्या ग्रीनहाऊसमध्ये केळीच्या पानांत ती रिकामी खोकी खरंच तयार होत होती.

आता फोनवर कॅल्क्युलेटर उघडा. मोठ्या माणसाला इंजेक्शनमधून साधारण २० मायक्रोग्रॅम एचबीएसएजी देतात. दर ग्रॅमला २० नॅनोग्रॅम धरले तर २० मायक्रोग्रॅमसाठी एक किलो पानं. हेही वाईट नाही म्हणाल. पण हे झालं टोचायचं माप. खाऊन द्यायचं तर पोटातलं ॲसिड आणि पाचक रस प्रोटीन फाडून टाकतात, म्हणून कितीतरी जास्त लागतं. किती? त्याच वर्षी, २००५ मध्ये, अमेरिकेत बफेलोच्या रॉझवेल पार्क संस्थेतल्या यास्मिन थानावाला आणि आर्नत्झेन यांच्या गटाने माणसांवर केलेला प्रयोग छापला. आधीच लस घेतलेल्या लोकांना जीएम बटाट्याच्या कच्च्या फोडी खाऊ घातल्या, दर वेळी सुमारे १०० ग्रॅम. त्यात साडेआठशे मायक्रोग्रॅमच्या आसपास प्रोटीन होतं. तीन वेळा खाल्लेल्या १६ जणांपैकी १० जणांच्या रक्तात अँटिबॉडी वाढल्या. सहा जणांच्या नाही.

तेवढं प्रोटीन ट्रॉम्ब्याच्या ग्रीनहाऊसमधल्या केळीतून काढायचं तर बेचाळीस किलोच्या वर पानं लागतील. एका वेळेला. आणि तरीही तो बूस्टर, पहिली लस नव्हे. शिवाय माझे आकडे पानांचे आहेत, आणि केळीचं पान जेवायला वाढून घेतात, खात नाहीत.

कुणी म्हणेल, ही तर इंजिनिअरिंगची अडचण, व्हर्जन टूमध्ये सुधारेल. बरोबर, बटाट्याने चारशेपट जास्त दिलंच होतं. पण खाण्याच्या लशीला आणखी एक दुखणं होतं, ते कोड सुधारून जाणारं नव्हतं. आपण रोज जे खातो त्यावर शरीर हल्ला करत नाही. करायलाच नको, नाहीतर वरणभात खाऊन रोज ताप येईल. पोटातून वारंवार आलेल्या प्रोटीनकडे दुर्लक्ष करायला शरीर शिकतं. म्हणजे लशीचं केळं चुकीच्या मापात, चुकीच्या वेळी खात राहिलं तर संरक्षण मिळण्याऐवजी उलट शरीर त्या प्रोटीनला ओळखीचं समजून सोडून देईल अशी भीती. माप तर पाळायलाच हवं. आणि माप कसं पाळणार? एकाच घडातली वरची फणी आणि खालची फणी सारखी नसते. अर्धं पिकलेलं, पूर्ण पिकलेलं, काळं पडलेलं, प्रत्येकात प्रोटीन वेगळं.

ही गोष्ट मी आजीला सांगितली. आजीची अलिबागजवळ वाडी आहे, नारळ, सुपारी आणि मधे मधे केळी. तिला प्रोटीन वगैरे सांगत बसलो नाही, एवढंच सांगितलं की औषधाचं केळं बनवत होते. तिने लगेच विचारलं, “मग त्याची पिल्लं कुणी मागितली तर द्यायची का नाही?”

मी गप्प. केळीला बी नसतं, म्हणून जनुक पळून जाणार नाही, हे सगळे पेपर सांगतात. पण केळी पसरते ती पिल्लांनी, मुनव्यांनी. बुंध्याशी कोंब येतात, ते उपटून आपण शेजाऱ्याला देतो, लेकीच्या सासरी देतो, कुणी मागितलं तर नाही म्हणत नाही. अख्खी कोकणपट्टी अशीच केळीने भरली. वाऱ्याने न जाणारं जनुक माणसाच्या हाताने, पिशवीतून, एसटीने जाईल. आणि एकदा गेलं की औषधाचं केळं आणि शिकरणीचं केळं दिसायला एकच.

ही नुसती कल्पना नाही. २००२ मध्ये अमेरिकेत नेब्रास्का राज्यात हेच मक्याचं झालं. प्रोडिजीन नावाच्या कंपनीने डुकरांच्या जुलाबाची लस बनवणारा मका लावला होता. पुढच्या हंगामात त्याच शेतात सोयाबीन पेरलं, आणि आदल्या वर्षीचे पडलेले दाणे मधे मधे उगवले. सोयाबीनबरोबर तेही कापले गेले आणि गोदामात गेले. सुमारे ५ लाख बुशेल सोयाबीन, आपल्या हिशेबात साडेतेरा हजार टन, नष्ट करावं लागलं. कंपनीला अडीच लाख डॉलर दंड, आणि माल विकत घेऊन नष्ट करायचा खर्च त्याच्या कितीतरी पट. तेव्हापासून ‘खायच्या पिकात औषध बनवू नका’ हे अन्नउद्योगच ओरडून सांगायला लागला. आपल्याकडे २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली, कारण कापूस खात नाहीत असा एक समज होता (सरकीचं तेल आणि पेंड विसरा). पण खायचं पीक, म्हणजे जालन्याच्या महिकोचं बीटी वांगं, ९ फेब्रुवारी २०१० रोजी केंद्र सरकारने थांबवलं, ते अजून थांबलेलंच आहे. ज्या देशात कीड न लागणारं वांगं चालत नाही तिथे लस असलेलं केळं जळगावच्या मंडईत कोण आणू देणार? मला स्वतःला वांग्याबाबतचा निर्णय घाईचा वाटतो. केळ्याबाबत मात्र मी आजीच्या बाजूने आहे.

पण खरं सांगू का, केळं कायद्याने मारलं नाही आणि भीतीनेही नाही. त्याला यीस्टने मारलं.

केळ्याचा सगळा युक्तिवाद कशावर उभा होता? टाकीतली लस महाग आहे आणि महागच राहील, यावर. ऑगस्ट १९९७ मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने ‘शानव्हॅक-बी’ आणली. वरप्रसाद रेड्डी हे मूळचे इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअर, त्यांची ही कंपनी. यीस्टचीच लस, पण इथे बनवलेली आणि परदेशी लशीपेक्षा कितीतरी स्वस्त. पाठोपाठ भारत बायोटेक आली, पुण्याची सीरम आली. किंमत कोसळली. युनिसेफच्या खरेदीत एका डोसची किंमत अर्ध्या डॉलरच्याही खाली गेली. ट्रॉम्ब्यात केळीची पहिली रोपं बाटलीत होती तेव्हाच तिकडे टाकीने शर्यत संपवत आणली होती. आणि फ्रिजचा मुद्दा? हेपॅटायटिस बीची लस लशींमध्ये उन्हाला बऱ्यापैकी चिवट निघाली. तिला उष्णतेपेक्षा गोठण्याने जास्त धोका असतो. म्हणजे केळं ज्या दोन अडचणी सोडवणार होतं त्यातली एक स्वस्त झाली आणि दुसरी मुळात तेवढी मोठी नव्हती.

तरी लस स्वस्त होणं आणि बाळाला मिळणं यात बराच काळ जातो. ताईचा जन्म १९९४चा. तेव्हा भारतीय लसच नव्हती. १९९७ मध्ये आली, पण सरकारी लसीकरणात नव्हती, ज्यांना माहीत होतं आणि परवडत होतं त्यांनी पोरांना खाजगीत टोचून घेतली. माझ्या आईबाबांनी मला टोचली, कारण एका शेजाऱ्यांनी सांगितलं म्हणून. एवढाच फरक. २००२ मध्ये काही शहरांत आणि जिल्ह्यांत सरकारी प्रयोग सुरू झाला. २००७-०८ मध्ये दहा राज्यांत, त्यात महाराष्ट्र होता. २०११ पासून देशभर. ताई तेव्हा सतरा वर्षांची, कुठल्याच यादीत न बसणारी. भारतात हा विषाणू अंगात घेऊन जगणाऱ्यांची संख्या तीन ते चार कोटींच्या घरात असल्याचे अंदाज आहेत, आणि त्यातले बरेच लोक ताईसारखे आहेत, एखाद्या भलत्याच तपासणीत अचानक कळलेले. तुम्ही २०१० च्या आधी जन्मलेले असाल आणि लस घेतली की नाही माहीत नसेल, तर घरचं जुनं कार्ड शोधा. नाही सापडलं तर तपासणी करून घ्या, साधी रक्ताची तपासणी आहे.

आणि आता ती गोष्ट जी मला डबा मांडीवर घेऊन बसल्यावर कळली, आधी इतके पेपर वाचूनही नाही. हा विषाणू मोठेपणी लागला तर शंभरातल्या पंच्याण्णवांचं शरीर त्याला स्वतःच हाकलून देतं. जन्माच्या वेळी आईकडून लागला तर जवळपास उलटं: शंभरातल्या नव्वदांपर्यंत बाळांत तो कायमचा राहतो, आणि पुढे चाळिशी-पन्नाशीत यकृत खराब व्हायचा, कॅन्सरचा धोका. म्हणून सगळ्यात मोलाचा डोस कुठला, तर जन्मानंतर चोवीस तासांच्या आतला. आई पॉझिटिव्ह असेल तर बारा.

बारा तासांचं बाळ केळं खात नाही.

इतकं साधं आहे. बँकॉकच्या किश्शातलं बाळ निदान सहा-आठ महिन्यांचं असणार. त्याच्या आधीच्या महिन्यांचा, त्या पहिल्या रात्रीचा विचार त्या सुंदर कल्पनेत फार कुणी केला नाही. मी कुणाला नावं ठेवत नाही. माझ्या टीमने एकदा पूर्ण सहा महिने एक फीचर बनवलं आणि मग लक्षात आलं की ज्यांना ते हवंय त्यांच्याकडे लॉगिनच नाही. अशी चूक शहाणी माणसंच करतात.

झाडांचं पुढे काय झालं? ती शेतातून बाहेर पडली आणि टाकीत गेली. २०१२ मध्ये अमेरिकेने गाजराच्या पेशींत बनलेल्या एका औषधाला मान्यता दिली. इस्रायलच्या प्रोटॅलिक्स कंपनीचं, गोशे नावाच्या दुर्मिळ आजारासाठी. गाजर नाही हं, गाजराच्या पेशी, मोठ्या प्लास्टिकच्या पिशव्यांत, द्रवात. शेत नाही, मधमाशी नाही, शेजारी पिल्लं मागत नाही. ट्रॉम्ब्याच्या गटाने २००३ मध्ये तंबाखूच्या पेशी अशाच द्रवात वाढवल्या होत्या, हे मात्र लक्षात ठेवा. फेब्रुवारी २०२२ मध्ये कॅनडाने तंबाखूच्या भाऊबंद झाडात बनलेल्या कोव्हिडच्या लशीला मान्यता दिली. मेडिकागो कंपनीची, बंद ग्रीनहाऊसमध्ये वाढवलेली. चांगली लस होती. पण कंपनीत सिगारेटवाल्या फिलिप मॉरिसचा हिस्सा, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने दार लावलं, आणि वर्षभरात कंपनीच बंद झाली. तो वेगळा एपिसोड होईल, कधीतरी करू.

आणि ज्या इम्युनोग्लोब्युलिनची बाटली मी आणली, ते आजही माणसाच्या रक्तापासूनच येतं, लस घेतलेल्या दात्यांच्या प्लाझ्मापासून. १९८१ मध्ये लस जशी बनायची जवळपास तसंच. म्हणून ते महाग, म्हणून ते प्रत्येक दुकानात नाही. तंबाखूत पहिली अँटिबॉडी १९८९ मध्ये बनली होती. हे औषध झाडात किंवा टाकीत स्वस्तात बनलं असतं तर माझा तो दिवस वाचला असता. केळ्यापेक्षा हे काम कुणी आधी हातात घ्यायला हवं होतं असं मला वाटतं, पण मी बोलून चालून सॉफ्टवेअरवाला.

बाळ आठवड्याने झालं, पहाटे साडेतीनला. मुलगी. लस पहिल्या दोन तासांत, इम्युनोग्लोब्युलिनही तेव्हाच, एक एका मांडीत, दुसरं दुसऱ्या. बाटली आठवडाभर हॉस्पिटलच्या फ्रिजमध्ये दाराजवळच्या कप्प्यात होती, मागे बर्फाजवळ ठेवू नका असं मी तिथल्या सिस्टरना इतक्यांदा सांगितलं की शेवटी त्या म्हणाल्या, “दादा, आम्हाला माहिताय, तुम्ही घरी जा.”

पुढचे डोस वेळेवर झाले. गेल्या महिन्यात, दहा महिन्यांची झाल्यावर, तिचं रक्त तपासलं. एचबीएसएजी निगेटिव्ह, अँटिबॉडी भरपूर. ताईने रिपोर्टचा फोटो पाठवला, आणि त्याच्या पाठोपाठ पोरगी आजीच्या वाडीतलं केळं दोन्ही हातांनी चेंदून खातेय असा व्हिडिओ.